दूध एक, आणि

स्वयंपाकघराच्या दाराआड, खिळ्याला, कॅलेंडर.
त्याला सुतळीने बांधलेली
चावून चपटी झालेली पेन्सिल.
पारोळ्याहून लग्न होऊन
सिडकोतल्या या दोन खोल्यांत आले तेव्हा वाटलं,
दुधाचा हिशोब असेल.
होताच.
पण रोजच्या चौकोनात, आकड्यापुढे
अनसूयाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई,
मुंगीएवढ्या अक्षरात आणखी काहीतरी लिहायच्या.

एका दुपारी त्या दळणाला गेल्या
आणि मी चोरून वाचलं,
माझ्याविषयीच असणार म्हणून.
होतं.
‘दूध १. सूनबाईचा चहा फार गोड. चालेल.’
आणि खालच्या ओळीत, आठवड्याने:
‘दूध १. ह्यांनी दुसरा कप मागितला.’

जुनी कॅलेंडरं त्या टाकत नाहीत.
फडताळात डब्यांखाली अंथरतात, तारखा वर ठेवून.
हरभऱ्याचा डबा उचलला की निघतो
सिंहस्थातला श्रावण:
‘दूध ६. पाहुणे तेवीस. जिन्यातसुद्धा झोपले.
चपला बदलल्या, कोणी भांडलं नाही.’
हळदीच्या बरणीखाली एक जानेवारी,
कडेने पिवळा:
‘दूध १. थंडीने तेल गोठलं. भावेश तव्यावर हात शेकत बसला,
भाकरी करपली, तरी तीच आधी संपली.’
रंगपंचमीच्या चौकोनावर तर अंगठाच, गुलाबी:
‘हे रहाडीत उडी मारून आले. पन्नाशीत!’
त्या दिवशी दूध लिहायचं राहूनच गेलं.

सातपूरच्या कंपनीला टाळं लागलं
त्या दिवशी काय लिहिलं असेल,
म्हणून मी मुद्दाम तांदळाचं पिंप सरकवलं.
‘दूध अर्धा. हे दुपारीच घरी.
मोत्या शेपूट हलवून हलवून दमला.’
बस, एवढंच.
विचारलं, आई, रडू नाही आलं?
म्हणाल्या, आलं की.
पण चौकोन केवढासा असतो!
रडं मावत नाही त्यात.

निवृत्तीअण्णा गेले, तो चौकोन:
‘दूध नको.’
पुढचे बारा कोरे.
मग, पेन्सिल जरा दाबून:
‘दूध पाऊण. कढीपत्ता पुन्हा फुटला.’

आता त्यांचा हात कापतो.
त्या सांगतात, मी लिहिते.
म्हणजे सांगतात फक्त दूध.
पुढचं काय, यावर रात्री ताटावर वाद.
भावेश म्हणतो, वीजबिल कमी आलं, ते लिही.
मुक्ता म्हणते, मांजर पप्पांच्या बुटात झोपली, ते.
सासूबाई म्हणतात, मखमलाबादचा पेरूवाला
न मागता एक जास्तीचा टाकून गेला.
हात वर करून मतं मोजतो.
आमटी निवते.
फोन वाजत राहतो पलीकडच्या खोलीत,
उठत कोणी नाही.

मध्ये एकदा भावेशशी माझं वाजलं.
कशावरून, ते आता आठवत नाही,
म्हणजे आठवतं, पण असो.
रागाने नुसतं ‘दूध १’ लिहिलं आणि झोपले.
सकाळी पुढे कोणीतरी, वाकड्या अक्षरांत:
‘आई रागावली की भांडी लई चकाकतात.’
दूध उतू जाईपर्यंत मी तिथेच उभी.

हिशोबाची गरज तशी कधीच संपली.
दुधाचे पैसे फोनमधून जातात,
दूधवाल्याचा चेहराही महिनोन्महिने दिसत नाही.
तरी आकडा आधी लिहावाच लागतो.
त्याच्याशिवाय पुढचं सुचत नाही, कोणालाच.

आजचं दूध लिहून झालंय.
पुढची जागा मुक्ताने अडवून ठेवलीये,
पेन्सिल मुठीत, तोंड आरशापुढे उघडं:
दात
अजून नुसताच हलतोय.